धोंड्याच्या महिन्यातली बोट

मला पोहता येत नाही.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, मित्रांना तर नाहीच. पन्नाशी ओलांडली. लहानपण कोडोलीत गेलं, जिथं सुट्टीत पोरं सकाळी विहिरीत पडायची ती भूक लागल्यावरच वर यायची. पुण्या-मुंबईच्या माणसाला पोहता येत नसेल तर त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडं तसं नाही. आमच्याकडं असा गडी निम्मा धरतात. मी निम्मा धरला जाऊ नये म्हणून यंदा जे केलं त्याचा मला इतका राग आलेला आहे, की तो लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही. राग माझा मला आहे. थोडा इतरांचाही आहे, तो कशाबद्दल ते पुढं येईलच.

आधी विहीर. आमचा चुलता पोरांना पोहायला शिकवायचा म्हणजे पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून काठावरून ढकलून द्यायचा. काही दिवस असे गेले की डबा सोडायचा आणि पोरानं आपण होऊन उडी टाकायची. ती पडली की पोरगं सुटलं.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला आण्णा म्हणतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तान्हेपणीच पोलिओनं त्याचा डावा पाय वाळला. त्याला विहिरीवर न्यायचं म्हटल्यावर आईनं कालवा केला, तेव्हा चुलता म्हणाला, "पाण्यात पाय कोण बघतंय?" आणि खरंच, रस्त्यानं चालताना सगळ्यांच्या मागं राहणारं ते पोरगं पाण्यात सगळ्यांच्या पुढं गेलं. बुडी मारून तळाची माती आणायचा आणि आमच्या अंगावर फेकायचा.

माझ्या उडीचा दिवस आला तेव्हा मी काठावर उभा राहिलो, खालचं काळं पाणी बघितलं आणि उसात पळालो. दिवस कलता कलता भीत भीत घरी आलो, तर चुलत्यानं पाठीवर थाप मारली. "शाब्बास रं." मला काही कळेना. मग आण्णा कानात म्हणाला, "मी सांगितलंय, तू मारलीस उडी. म्हटलं, तुमी बिडी पेटवत हुता तवाच मारली."

त्यानंतर हा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही. म्हणजे मी न सांगता ज्याला माहीत होतं असा तो एकटाच.

न मारलेली ती उडी मी पुढं जन्मभर मारत राहिलो. लग्न झाल्यावर बायकोला ऐकवली. मुलगी लहान असताना तिला निजवताना ऐकवली. राजारामपुरीत मी गणिताची शिकवणी घेतो, तिथं पोरं पेंगायला लागली की ऐकवली. ऐकवताना विहीर दरवर्षी थोडी खोल करत गेलो. कुणी रंकाळ्यावर म्हटलं तर पाणी घाण आहे म्हणायचो, मालवणला गेलो तर कानाच्या पडद्याचं सांगायचो. एवढ्यावर भागत होतं.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न झालं आणि यंदा उन्हाळ्यात अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं. मुलगी-जावई पुण्याहून आठवडाभर राहायला आले. जावई कॉम्प्युटरवरच्या नोकरीतला, पोरगा गुणी आहे. आमच्या पद्धतीनं मला मामा म्हणतो.

आण्णा अजून कोडोलीतच राहतो, शिरोली एमआयडीसीत साचे करायच्या कामाला आहे, सोमवारी त्यांच्या कारखान्याला सुट्टी. त्या सोमवारी तो बाजूला दोन चाकं जोडलेली आपली स्कूटर घेऊन वैनींसह आमच्या फ्लॅटवर आला. काठी भिंतीला लावली आणि बसायच्या आधीच म्हणाला, "वाण काय हॉटेलात देतासा व्हय? तंबूत देऊया की."

त्याच्या कारखान्यातला कुणीतरी जाऊन आला होता. राधानगरीच्या रस्त्याला एका धरणाच्या मागच्या पाण्याकडेला तंबू ठोकलेत, बोटी आहेत, शेकोटी करून देतात. आण्णानं सगळं जुळवूनच आणलं होतं. ताडपत्री त्याच्याकडची, शेगडी त्याच्याकडची, पिण्याच्या पाण्याचे जार वाटेत घ्यायचे. अनारसे माझ्या बायकोचे, पुरण वैनींचं.

"आणि मटण?" जावयानं विचारलं.

"धोंड्याच्या महिन्यात मटण?" बायको म्हणाली. "देवाधर्माचा महिना आहे."

"पावणं, तुमी पुण्याला चुलीवरचं मटण म्हणून काय खाताय ते मला म्हाईत हाय," आण्णा म्हणाला. "तुमास्नी पांढरा रस्सा महिना सरल्यावर. आता तंबूत बसून धोंडं खावा गुमान."

सगळे हसले, मीही हसलो. मग जावई माझ्याकडं वळला. "मामा, मी दोन वर्षं टाकीत शिकवणी लावून पोहायला शिकलो. तुम्ही विहिरीतले. तिथं मध्ये एक बेट आहे म्हणे. आपण दोघं तिथपर्यंत शर्यत लावू."

"लाव, लाव," मुलगी म्हणाली. "पप्पा तुला हरवतील."

मी म्हणालो, "कानाचं जरा..."

"मला माहीतच होतं. कानात घालायचे बोळे आणलेत तुमच्यासाठी." तिनं पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. बोळे पिवळे होते.

मी आण्णाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, जावयाकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद होता की मला त्याचा राग आला. आज लाज वाटते, पण तेव्हा आला. ह्याला सगळं माहीत असताना ह्यानं पाण्याचंच काढलं. वाटलं, मुद्दाम काढलं. असं मनात येतं माणसाच्या. आपण खोटं बोलत आलेलो असतो आणि समोरच्याच्या डोक्यात काही नसतानाही तोच कट करतोय असं दिसायला लागतं.

पुढचे तीन-चार दिवस मी वाटा शोधत होतो. वळीव येईल म्हणालो. आण्णा फोनवर म्हणाला, "येऊ दे की, तंबू कशाला हाईत?" शिकवणीच्या जादा तासांचं काढलं, तर बायकोनं पालकांना परस्पर कळवून सुट्टी जाहीर केली. शेवटी त्या तंबूवाल्याला फोन लावला. बोट कशी आहे, जाकिटं असतात का, पाण्यात उतरू देतात का, असं विचारत होतो. तो सगळ्याला 'व्हय, व्हय' म्हणत होता आणि मी 'नाही' कुठं मिळतंय ते चाचपत होतो. बोलता बोलता तोंडातून गेलं, "आमच्यात एकजण पायानं अधू आहेत."

"आणा की मग," तो म्हणाला. "आमची पोरं धरून चढवत्यात. जाकीट घातलं की झालं."

फोन ठेवला तेव्हा माझं ठरलेलं होतं. ठरलं कधी ते सांगता येत नाही. पण बोलून गेलो, सुचलं म्हणून बोललो, असं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आण्णा-वैनी सामानाचं बघायला येणार होते. मी एक दिवस थांबलो आणि सगळे हॉलमध्ये बसलेत असं बघून सांगितलं.

"तिथं फोन केला होता. अपंग माणसाला बोटीत घेत नाहीत म्हणतात. काठावरसुद्धा जबाबदारी घ्यायला तयार नाहीत."

एवढंच वाक्य. त्यावर जे झालं त्याचा राग मला अजून येतो, आणि तो फक्त माझ्यावरचा नाही.

कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. बायको म्हणाली, "बरं झालं आधी विचारलंत. भाऊजींना तिथं एकटं काठावर बसवून आपण बोटीत फिरायचं, बरं दिसलं नसतं." जावई म्हणाला, "त्यांचंही बरोबर आहे, काही झालं तर त्यांच्या अंगावर येतं." मुलगी आण्णाच्या शेजारी जाऊन बसली, त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आण्णांना सोडून मला कुठं जायचंच नाही." सगळे किती चांगले. सगळे किती समजूतदार. आण्णाला पोहता येतं का, हे त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. माझी मुलगी शहरात वाढली. विहिरीतला आण्णा तिनं पाहिलेला नाही, आणि माझ्या गोष्टींत विहिरीत मी होतो, आण्णा नव्हता. मीच त्याला तिथून काढून टाकलं होतं. पण तरी विचारायला काय होतं? त्या पायावर बसवलेलं खोटं इतकं पटकन खपलं, जसं काही सगळे त्याची वाटच बघत होते.

वैनींनी तोंड उघडलं होतं. आण्णा त्यांना म्हणाला, "जरा पाणी आण." त्या उठून आत गेल्या. आत तांब्या जोरात आदळला.

मग आण्णानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मान हलवली आणि म्हणाला, "व्हय. तसं म्हणत असतील. बोट म्हटल्यावर त्यास्नी बी बघायला लागतंय." आणि जावयाकडं वळून, "पावणं, माझ्यापायी तुमची सहल बुडाली बघा."

माझ्यापायी, म्हणाला. मी तिथं बसून ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तंबू रद्द करायला फोन केला. तंबूवाल्यानं कोणत्या नावावर होते ते विचारलं. आण्णाच्या नावावर होते. तो म्हणाला, "म्हंजे ते काठीवाले पावणं? तुमचे कोण?"

"भाऊ."

"आवो, ते येऊन गेलेत की. गेल्याच्या गेल्या सोमवारी, दुपारपतोर एकटेच आलते, बाजूला चाकं लावलेली गाडी घेऊन. म्हणाले, आधी बोट बघू द्या, मग माणसं आणतो. पार मध्यावर नेली बोट. तिथं गेल्यावर काठी आमच्या पोराच्या हातात दिली, जाकीट काढलं, शर्ट काढला, आणि गेले की आत. आमचं पोरगं बोंबललं. मी काठावरनं शिव्या घातल्या. तर पार बेटाला हात लावून आले. आल्यावर मलाच म्हणतात, पाणी गार हाय तुमचं." तो हसला. "का ओ, रद्द का? आम्ही त्यांची वाट बघत हुतो."

मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला.

म्हणजे ज्या सोमवारी तो आमच्याकडं योजना घेऊन आला त्याच्या आधीच्या सोमवारी तो तिथं जाऊन आला होता. कोडोलीपासून तिथवर, त्या स्कूटरवर, मे महिन्याच्या उन्हात. मी हॉलमध्ये बसून बोटीत घेत नाहीत म्हणत होतो तेव्हा समोर बसलेला माणूस त्याच बोटीतून उडी मारून आलेला होता. मी खोटं बोलतोय हे त्याला माहीत होतं, आणि का बोलतोय हेही. विहिरीच्या काठावर चुलत्याला जे सांगितलं तेच त्यानं पुन्हा माझ्यासाठी केलं. फरक एवढाच, की त्या वेळी त्याचं काही गेलं नव्हतं.

वाण शेवटी राजारामपुरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. एसी होता. बायकोनं चांदीच्या ताटात अनारसे मांडले, वर दिवा ठेवला, जावयानं वाकून नमस्कार केला, फोटो झाले. लिफ्टपाशी जावयानं आण्णाचा दंड धरला. "आण्णा, सावकाश." आण्णाला कुणी धरलेलं खपत नाही, लहानपणापासून नाही. मी जरी कधी हात पुढं केला तरी काठीनं ढोसायचा. त्या दिवशी त्यानं धरू दिलं. हळूहळू पावलं टाकत, पोराच्या आधारानं लिफ्टमध्ये शिरला, जसा सगळ्यांनी त्याला ठरवला होता तसा.

जेवताना जावई म्हणाला, "मामा, आपली शर्यत मात्र राहिली."

इथं बोलायचं होतं. ताटं वाढलेली होती, माणसं तीच होती, आण्णा समोर बसून पुरणावर दूध ओतून घेत होता. मी म्हणालो, "राहिली की. काढू कधीतरी."

हेसुद्धा म्हणालो. फोनवर सगळं ऐकून झाल्यावर म्हणालो. ह्या वाक्याचा मला पहिल्या खोट्यापेक्षा जास्त राग आहे. पहिलं भीतीनं गेलं होतं. हे नुसतं सवयीनं गेलं.

मुलगी-जावई पुण्याला गेल्यावर पुढच्या सोमवारी मी कोडोलीला गेलो. आण्णा गोठ्यात होता, स्टुलावर बसून म्हशीला पाणी मारत होता. काठी दावणीला टेकवलेली. जाताना सबंध वाटभर मी माफी जुळवत गेलो होतो आणि पोचल्यावर भांडायलाच लागलो. माणूस असा का वागतो ते मला सांगता येणार नाही.

"तू गप्प का बसलास?" मी म्हणालो. "तू तिथं जाऊन आलतास. तोंडावर सांगायचं होतंस, हा खोटं बोलतोय म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?"

"तंबूवाल्यानं."

"लई बोलतंय ते," आण्णा म्हणाला आणि म्हशीच्या पाठीवर आणखी एक तांब्या ओतला.

"मी विचारतोय, का बोलला नाहीस?"

"तुझा जावई बसलेला. पयला धोंडा. त्येच्यासमोर तुझी चड्डी सोडू व्हय?"

वैनी वैरणीची पाटी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पाटी खाली आपटली. "चड्डीचं काढलंच हाय तर सांगते. भाऊजी, ह्यांनी पवायची नवीन चड्डी आणली हुती. निळी. ह्या वयात, दुकानात जाऊन, मापानं. लेकीसमोर जुनी नको म्हणाले. ती अजून पिशवीत हाय. घडीसुदिक मोडली न्हाय."

"तू गप गं."

"मी का गप? तुमी गप बसलासा तेवढं पुरे हाय घराला."

आण्णानं तांब्या बादलीत टाकला. लुंगीला हात पुसले. माझ्याकडं न बघता बोलायला लागला. रागावला की त्याचा आवाज चढत नाही, खाली जातो. "पोरीनं मला जन्मात काठीबिगार बघितल्यालं न्हाय. पावण्यानं न्हाय. एकदा बघावं, असं वाटलं हुतं. पाण्यात. बास, एवढंच हुतं. त्यात तुला बुडवायचं न्हवतं मला. तू काठावर बसून कानाचं सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, व्हय, त्येचा कान लहानपणापासनं तसलाच हाय."

मी बादलीतला तांब्या काढून बाहेर ठेवला.

"न्हाय म्हणायचं हुतंस," तो म्हणाला. "येत न्हाय मी, एवढं म्हणायचं. मोकळा हुतास तू. कारण माझ्या पायात कशाला शोधलंस?"

आमच्या उभ्या आयुष्यात त्यानं स्वतःच्या पायाचं नाव माझ्यासमोर घेतल्याचं मला आठवत नाही.

"मी सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

"कवा?"

  तो काठी घेऊन उठला आणि म्हैस बांधायला गेला. वैनींनी चहा केला, तो मी घेतला. जाताना आण्णा गोठ्यातूनच म्हणाला, "पुलाजवळ रस्ता उकरलाय, सावकाश जा." त्याच्या अशा बोलण्याचासुद्धा मला राग येतो. एकदा तरी त्यानं मला घराबाहेर काढायला हवं होतं.

त्यानंतर मुलीचे दोन-तीन फोन झाले. एकदा जावई बोलला. म्हणाला, आण्णांसाठी पुण्यात चांगला डॉक्टर बघून ठेवलाय, पायाचं काही होत असेल तर बघू. मी 'बरं' म्हणालो. कानाचे ते पिवळे बोळे टीव्हीखालच्या खणात आहेत. बायको खण आवरते तेव्हा ते उचलते आणि परत तिथंच ठेवते.

हे मी लिहिलं आहे म्हणजे मी सांगितलं असं होत नाही. लिहिणं सोपं आहे, इथं समोर जावई बसलेला नाही.

मी आण्णाला एक वाक्य देणं लागतो. बायको, मुलगी, जावई आणि वैनी हजर असताना, त्याच हॉलमध्ये, म्हणायचं वाक्य: मला पोहता येत नाही, आण्णाला येतं, आणि सहल त्याच्या पायामुळं नाही, माझ्यामुळं बुडाली. त्यानंतर त्या सगळ्यांना घेऊन त्या पाण्यावर जायचं, जाकीट घालून बोटीत बसायचं आणि तो उडी मारेल तेव्हा त्याची काठी धरायची. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.